मैदानातून खंदकात : वॉल्टर टलचे आयुष्य

वॉल्टर डॅनियल जॉन टल हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतला इंग्लिश फुटबॉलपटू. जन्म २८ एप्रिल १८८८, इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या केंट परगण्यातील फोकस्टन या बंदरगावी. मृत्यू २५ मार्च १९१८, उत्तर फ्रान्सच्या रणभूमीवर. लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर संघातून तो इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत दहा सामने खेळला, नॉर्दम्प्टन टाउन संघातून शंभराहून अधिक सामने खेळला आणि पहिल्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून भरती होऊन सेकंड लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. नुसते आकडे पाहिले तर ही कारकीर्द मोठी नाही. त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त गोल केलेले त्या काळचे खेळाडू आज कुणाला आठवतही नाहीत. टलचे नाव उरले ते दुसऱ्या कारणाने. त्याचे वडील कृष्णवर्णीय होते आणि आई गोरी. ज्या दोन क्षेत्रांत तो शिरला त्यांपैकी एकात त्याच्या रंगाची माणसे जवळजवळ नव्हती, आणि दुसऱ्यात ती अधिकारपदावर असू नयेत असा लेखी दंडक होता.

वडील डॅनियल टल हे वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावरचे सुतार. त्यांच्या आधीच्या पिढीने तिथे गुलामी भोगली होती. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण उसाच्या मळ्यांवरचे दारिद्र्य कायद्याने संपण्यासारखे नव्हते. हातात कसब असलेले अनेक तरुण बेट सोडून बाहेर पडत. डॅनियल १८७६ मध्ये फोकस्टनला पोहोचले, तिथे त्यांना सुतारकाम मिळाले आणि १८८० मध्ये केंटमधल्याच ॲलिस एलिझाबेथ पामर हिच्याशी त्यांनी लग्न केले. कुटुंब मेथडिस्ट पंथाचे, कष्टकरी, कमाई बेताची. वॉल्टर सात वर्षांचा असताना, १८९५ मध्ये, आई कर्करोगाने गेली. वडिलांनी ॲलिसच्याच नात्यातल्या क्लारा पामरशी दुसरे लग्न केले, त्यांना एक मुलगीही झाली. पण १८९७ च्या डिसेंबरात हृदयविकाराने वडीलही गेले. पदरात सावत्र मुले आणि स्वतःचे तान्हे मूल घेऊन क्लारा एकटी राहिली. मिळवते हात कमी आणि खाणारी तोंडे जास्त, अशा घरात दोन शाळकरी मुलांना ठेवून घेणे तिला शक्य नव्हते. १८९८ च्या फेब्रुवारीत नऊ वर्षांच्या वॉल्टरला आणि त्याच्याहून थोड्या मोठ्या एडवर्डला लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात पाठवण्यात आले.

हा अनाथाश्रम थॉमस बोमन स्टीफन्सन या धर्मोपदेशकाने १८६९ मध्ये सुरू केलेल्या संस्थेचा होता. शिस्त कडक, पण मुलांना शिक्षण आणि पुढे पोटापाण्याचा एखादा धंदा शिकवण्याची पद्धत चांगली होती. वॉल्टर छपाईचे काम शिकू लागला. एडवर्डचा गळा गोड. आश्रमाचे गायनपथक निधी गोळा करण्यासाठी गावोगावी जाई, त्यात तो गायचा. १९०० मध्ये ग्लासगोच्या वॉर्नॉक नावाच्या कुटुंबाने त्याला दत्तक घेतले. नवे वडील दंतवैद्य होते. एडवर्डही पुढे दंतवैद्य झाला. ब्रिटनमध्ये व्यवसाय करणारा तो बहुधा पहिला कृष्णवर्णीय दंतवैद्य. आधीच आईबाप गमावलेला वॉल्टर आता भावापासूनही तुटला. तरी दोघांनी संबंध टिकवला, आणि वॉल्टरच्या शेवटापर्यंत त्याचा सर्वांत जवळचा माणूस एडवर्डच राहिला.

आश्रमाच्या संघात वॉल्टर फुटबॉल खेळायचा. १९०८ मध्ये, विशीत असताना, पूर्व लंडनच्या क्लॅप्टन या हौशी क्लबने त्याला बोलावून घेतले. त्या काळी इंग्लंडमध्ये पगारी आणि हौशी असे खेळाचे दोन वेगळे थर होते. हौशी संघांतले खेळाडू आठवडाभर आपापली कामे करून शनिवारी मैदानात उतरत. क्लॅप्टन हा त्या थरातला नावाजलेला संघ. टल आला त्या १९०८–०९ च्या हंगामात क्लॅप्टनने एफए ॲमेच्युअर कप, लंडन सीनियर कप आणि लंडन काउंटी ॲमेच्युअर कप अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. नवख्या खेळाडूला याहून चांगली सुरुवात क्वचितच मिळते. ‘फुटबॉल स्टार’ या वृत्तपत्राने १९०९ च्या मार्चमध्ये टलला हंगामातला सर्वांत मोठा शोध ठरवले, आणि थोड्याच दिवसांत टॉटनहॅम हॉटस्परने त्याला पगारी खेळाडू म्हणून करारबद्ध केले.

टॉटनहॅमसाठी हा उमेदीचा काळ होता. १९०१ मध्ये, राष्ट्रीय साखळीचा सदस्यही नसताना, या क्लबने एफए कप जिंकून खळबळ उडवली होती. १९०९ मध्ये दुसऱ्या श्रेणीत दुसरा क्रमांक मिळवून तो प्रथमच पहिल्या श्रेणीत चढला होता. टलला करारापोटी दहा पौंड मिळाले. नियमाप्रमाणे त्याहून जास्त देता येत नव्हते. आठवड्याच्या पगारावरही मर्यादा होती. १९०१ पासून कोणत्याही खेळाडूला, तो कितीही मोठा असो, आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त देण्यास फुटबॉल असोसिएशनची बंदी होती. आजच्या खेळाडूंच्या कमाईशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. पण कुशल कारागिराला मिळणाऱ्या मजुरीपेक्षा हे पैसे बरेच जास्त होते, आणि अनाथाश्रमातून आलेल्या छपाई कामगारासाठी तर ती मोठीच झेप होती. त्याच उन्हाळ्यात टॉटनहॅम आणि एव्हर्टन हे दोन संघ बोटीने अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर गेले. ब्रिटिश रेल्वे कंपन्या आणि शाळांमधून तिथे नुकताच रुजलेला खेळ पाहायला गर्दी होत होती. करारावरची शाई वाळते न वाळते तोच टल अटलांटिक ओलांडून त्या दौऱ्यात खेळला.

१९०९ च्या सप्टेंबरात संडरलंडविरुद्ध त्याने पहिल्या श्रेणीत पदार्पण केले. त्या काळी संघ दोन फुलबॅक, तीन हाफबॅक आणि पाच फॉरवर्ड अशा रचनेत उभा राहत असे. टल पाच फॉरवर्डपैकी आतल्या बाजूच्या डाव्या जागेवर, म्हणजे इनसाइड लेफ्टला, खेळे. या जागेवरच्या खेळाडूने स्वतः गोल करायचेच, पण मधल्या फळीकडून आलेला चेंडू पुढच्यांपर्यंत पोहोचवणेही त्याचेच काम. टलचे बळ तिथे होते. तो फार वेगवान नव्हता, पण चेंडू पायाशी आल्यावर घाई करत नसे, आणि पास कुठे द्यायचा हे त्याला आधीच दिसत असे. टॉटनहॅमच्या स्वतःच्या मैदानावर, व्हाइट हार्ट लेनला, त्याचा पहिला सामना झाला तो मँचेस्टर युनायटेडशी. युनायटेडने त्याच वर्षी एफए कप जिंकलेला होता. तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर सामना २–२ असा बरोबरीत सुटला. टलला पाडल्यामुळे टॉटनहॅमला एक पेनल्टी मिळाली होती. वृत्तपत्रांनी नव्या खेळाडूची मनापासून स्तुती केली.

मग ऑक्टोबरात ब्रिस्टॉल सिटीविरुद्धचा सामना आला. हा सामना ब्रिस्टॉलमध्ये झाला, आणि टलच्या फुटबॉल कारकिर्दीला तिथेच वळण लागले. सामन्यात नेमके काय घडले ते ‘फुटबॉल स्टार’च्या वार्ताहराने लिहून ठेवले, म्हणून आज कळते. प्रेक्षकांमधल्या एका टोळक्याने टलवर त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्यांचा मारा केला. लंडनचा बिलिंग्सगेट मासळीबाजार शिवराळ भाषेसाठी प्रसिद्ध होता. ब्रिस्टॉलची भाषा त्याहूनही खालच्या पातळीची होती, असे वार्ताहराने नोंदवले. टल हा त्या दिवशीचा मैदानावरचा सर्वोत्तम फॉरवर्ड होता आणि त्याचा संयम व स्वच्छ खेळ गोऱ्या खेळाडूंनी आदर्श मानावा असा होता, असेही त्याने बजावून लिहिले. या वृत्तांताच्या मथळ्यातच वर्णद्वेषाचा उल्लेख होता. इंग्लिश फुटबॉलच्या मैदानावरच्या वर्णद्वेषी शिवीगाळीची ही सुरुवातीच्या लेखी नोंदींपैकी एक. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या वार्ताहराने सामन्याच्या निकालापेक्षा या गोष्टीला जास्त जागा दिली, याबद्दल त्याचे ऋण मानायला हवे.

यानंतर टलचे पहिल्या संघातले स्थान गेले. १९०९–१० च्या हंगामात तो एकूण सात साखळी सामने खेळला, पुढच्या हंगामात फक्त तीन. दहा सामने, दोन गोल. उरलेला सगळा वेळ राखीव संघात. त्याचा वेग पहिल्या श्रेणीला पुरेसा नव्हता, असे काही अभ्यासक मानतात. क्लबला प्रेक्षकांचा गोंधळ आणि त्यातून होणारी बदनामी नको होती, म्हणून त्याला मागे ठेवण्यात आले, असे इतरांचे म्हणणे आहे. पहिल्या सामन्यांचे वृत्तांत वाचले की दुसरे स्पष्टीकरणच अधिक पटते. ज्या खेळाडूची महिन्याभरापूर्वी लंडनची वृत्तपत्रे स्तुती करत होती, तो एकाएकी नालायक ठरण्यासारखे मैदानावर काही घडलेले नव्हते. राखीव संघात मात्र टल गोल करत राहिला. त्याने तक्रार केल्याची किंवा क्लबशी भांडल्याची नोंद नाही.

१९११ च्या ऑक्टोबरात नॉर्दम्प्टन टाउनने त्याला विकत घेतले. या व्यवहारात नॉर्दम्प्टनचा चार्ली ब्रिटन हा खेळाडू टॉटनहॅमला गेला. नॉर्दम्प्टन हे बूट-चपलांच्या कारखान्यांचे शहर. त्यामुळे तिथल्या संघाला ‘कॉबलर्स’, म्हणजे चांभार, हे टोपणनाव पडले, आणि ते आजही अभिमानाने मिरवले जाते. संघ राष्ट्रीय साखळीत नव्हता, सदर्न लीगमध्ये खेळे. पण त्या काळी सदर्न लीग ही दुय्यम दर्जाची समजली जात नसे. टॉटनहॅमने १९०१ चा कप याच लीगमधून जिंकला होता. नॉर्दम्प्टनचा व्यवस्थापक होता हर्बर्ट चॅपमन. त्याने १९०९ मध्ये या छोट्या क्लबला सदर्न लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. पुढे हडर्सफील्ड टाउन आणि आर्सेनल या दोन संघांना इंग्लंडचे विजेते करून तो फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत कल्पक प्रशिक्षकांपैकी एक ठरला. चॅपमन स्वतः आधी टॉटनहॅमकडून खेळलेला, त्यामुळे त्या क्लबमध्ये कोण वाया जात आहे हे त्याला ठाऊक असणे स्वाभाविक होते.

नॉर्दम्प्टनमध्ये टलची जागा बदलली. फॉरवर्ड फळीतून तो मागे, विंग हाफच्या जागेवर आला. हे काम अधिक कष्टाचे. प्रतिस्पर्ध्याचा आतला फॉरवर्ड रोखायचा, चेंडू हिसकवायचा आणि लगेच पुढे चाल रचायची. वेगापेक्षा इथे अंदाज आणि पासिंग लागते, आणि टलकडे तेच होते. आधी जो उणेपणा वाटला होता तो या जागेवर आड आला नाही. चॅपमन १९१२ मध्ये लीड्स सिटीकडे गेला, पण टल राहिला. १९१४ पर्यंत त्याने नॉर्दम्प्टनसाठी १११ सामने खेळून नऊ गोल केले. तीन हंगाम एकाच संघात, एकाच शहरात, लोकांच्या प्रेमात. या काळाबद्दल सांगण्यासारख्या नाट्यमय गोष्टी थोड्या आहेत. पण खेळाडू म्हणून तो पूर्णपणे फुलला तो इथे, हे टलबद्दलच्या लेखनात अनेकदा राहून जाते. ब्रिस्टॉलचा अपमान आणि युद्ध यांच्यामध्ये हे शांत, भरघोस पर्व आहे.

इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणारा टल हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मात्र नव्हता. तो मान आर्थर व्हार्टनचा. आजच्या घानामधल्या आक्रा इथे १८६५ मध्ये जन्मलेला हा गोलरक्षक १८८०–९० च्या दशकांत रॉदरहॅम, शेफील्ड युनायटेड अशा क्लबांतून खेळला. तो वेगवान धावपटूही होता. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला विली क्लार्क १९०१ पासून ॲस्टन व्हिला आणि नंतर ब्रॅडफर्ड सिटीकडून खेळत होता. तरी १९०९ मध्ये व्हाइट हार्ट लेनच्या तीस हजार प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी कृष्णवर्णीय फुटबॉलपटू प्रथमच पाहिला असेल.

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन महायुद्धात उतरले. क्रिकेटचे सामने थांबले, फुटबॉल मात्र चालू राहिला, आणि त्यावरून वृत्तपत्रांत टीकेची झोड उठली. धडधाकट तरुण पैसे घेऊन चेंडूमागे धावतात आणि हजारो धडधाकट तरुण ते पाहत बसतात, असा आरोप होता. यातून १५ डिसेंबर १९१४ रोजी लंडनच्या फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि फुटबॉलपटूंची वेगळी पलटण उभी राहिली. मिडलसेक्स रेजिमेंटची ही १७ वी बटालियन ‘फुटबॉल बटालियन’ म्हणून ओळखली गेली. क्लॅप्टन ओरिएंट क्लबच्या खेळाडूंनी आणि कर्मचाऱ्यांनी तर एकगठ्ठा नावे नोंदवली. टल डिसेंबर संपण्याच्या आत भरती झाला. नॉर्दम्प्टनच्या खेळाडूंत तो पहिला. त्या वेळी सक्तीची लष्करभरती नव्हती. ती १९१६ मध्ये आली. सव्वीस वर्षांचा, स्थिरावलेला, चांगला पगार असलेला हा माणूस स्वेच्छेने गेला.

सैन्यात त्याला झपाट्याने बढत्या मिळाल्या आणि तो सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत गेला. १९१५ च्या नोव्हेंबरात बटालियन फ्रान्सला पोहोचली. खंदकांतला तो पहिला हिवाळा. गुडघाभर चिखल, उंदीर, उवा आणि डोक्यावरून सतत जाणारे तोफगोळे. १९१६ च्या मे महिन्यात टल ‘ॲक्यूट मेनिया’ या निदानासह इंग्लंडला परत पाठवला गेला. त्या काळच्या लष्करी डॉक्टरांच्या भाषेत हे तोफांच्या माऱ्याने मनावर झालेल्या आघाताचे नाव होते. सामान्य बोलीत त्याला ‘शेल शॉक’ म्हणत. असा आघात झालेल्या सैनिकांकडे तेव्हा अनेकदा भेकड म्हणून पाहिले जाई. टल सुधारला आणि त्याच शरदात आघाडीवर परतला. सोमची लढाई अजून चालू होती. १ जुलै १९१६ या तिच्या पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याचे ५७ हजारांहून अधिक जवान मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले होते, त्यांत मृतच १९ हजारांवर. फुटबॉल बटालियननेही जुलै-ऑगस्टमध्ये भयंकर नुकसान सोसले होते. डिसेंबरात टलला ट्रेंच फीव्हर झाला. उवांमधून पसरणारा हा ताप लाखो सैनिकांना झाला, पण त्याचा प्रसार उवांतून होतो हे युद्ध संपत आल्यावरच पक्के कळले. टल पुन्हा मायदेशी आला.

तोवर सैन्यात कनिष्ठ अधिकाऱ्यांची भीषण टंचाई झाली होती. शिट्टी वाजवून खंदकातून सर्वांत आधी वर चढणारा लेफ्टनंट गोळीला सर्वांत आधी बळी पडे. या जागा भरायला शिपाई आणि सार्जंटांमधून निवडक माणसांना प्रशिक्षणासाठी पाठवले जाऊ लागले. टलच्या वरिष्ठांनी त्याचे नाव सुचवले. इथे नियम आडवा येत होता. अधिकारपद मागणारा उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा अशी अट सैन्याच्या पत्रकांत होती. १९१४ च्या लष्करी कायद्याच्या पुस्तिकेनुसार कृष्णवर्णीयांना मानाचा हुद्दा देता येई, पण प्रत्यक्ष हुकूम देण्याचा अधिकार नाही. एखाद्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याचा हुकूम गोरे शिपाई मानणार नाहीत, हे या नियमामागचे गृहीतक. हीच भिंत हिंदुस्थानी सैन्यातही होती. मेसोपोटेमियात लढणाऱ्या मराठा पलटणींतला सुभेदार कितीही अनुभवी असला तरी त्याच्या डोक्यावर कोवळा गोरा लेफ्टनंट असे. लढाऊ पलटणींत राजाच्या नावाची सनद, म्हणजे किंग्ज कमिशन, हिंदी माणसांसाठी खुली झाली ती १९१७ च्या ऑगस्टात.

टलला ती त्याआधी काही महिने मिळाली. स्कॉटलंडमधल्या गेल्स इथल्या अधिकारी प्रशिक्षण तुकडीतून तो बाहेर पडला आणि ३० मे १९१७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाला. नियम बदललेला नव्हता. ज्यांनी त्याला लढताना पाहिले होते त्यांनी नियमाकडे दुर्लक्ष केले. मिडलसेक्स रेजिमेंटच्या २३ व्या, म्हणजे दुसऱ्या फुटबॉल बटालियनमध्ये त्याची नेमणूक झाली. बेल्जियममधल्या यीप्रच्या चिखलातल्या तिसऱ्या लढाईत ही बटालियन होती.

१९१७ च्या शरदात कापोरेट्टो इथे इटालियन सैन्याचा दारुण पराभव झाला. दोस्त राष्ट्र कोसळू नये म्हणून ब्रिटन आणि फ्रान्सने घाईने तुकड्या इटलीला धाडल्या, त्यांत टलची ४१ वी डिव्हिजन होती. आघाडी पियावे नदीवर स्थिरावली होती. एका काठावर दोस्त सैन्य, दुसऱ्या काठावर ऑस्ट्रियाचे. नदीचे पात्र रुंद, प्रवाह जोरदार आणि पाणी बर्फासारखे. १९१८ च्या नववर्षदिनाच्या रात्री टलने २६ जणांची तुकडी घेऊन या नदीपलीकडे छापा घातला. शत्रूच्या गोळीबारात शिरून, काम उरकून, एकही माणूस न गमावता तो परतला. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि थंड डोक्याची लेखी प्रशंसा केली. टलच्या आयुष्याचे मोल करायचे तर या एका कागदापाशी थांबावे. गोरे शिपाई ज्याचा हुकूम मानणार नाहीत असे सैन्याच्या नियमाने गृहीत धरले होते, त्याच्या मागून २६ शिपाई अंधारात नदी ओलांडून गेले आणि सगळे जिवंत परत आले.

मार्चमध्ये डिव्हिजन फ्रान्सला परतली. २१ मार्च १९१८ ला जर्मनीने पश्चिम आघाडीवर आपली सारी ताकद लावून चढाई सुरू केली. रशिया युद्धातून बाहेर पडल्याने तिकडे अडकलेली जर्मन सेना मोकळी झाली होती, आणि अमेरिकी फौजा मोठ्या संख्येने येण्याआधी निकाल लावायचा होता. ब्रिटिश फळी ठिकठिकाणी फाटली. २५ मार्चला बापोमजवळच्या फाव्रय गावाच्या परिसरात माघार घेत लढणाऱ्या सैनिकांत टल होता. तिथे त्याला गोळी लागली आणि तो पडला. त्याच्या तुकडीतला प्रायव्हेट टॉम बिलिंगहॅम, एकेकाळचा लेस्टर फॉसचा गोलरक्षक, त्याला उचलून आणायचा प्रयत्न करत राहिला, पण जर्मन सैन्य इतके जवळ आले की त्याला देह सोडून मागे जावे लागले. टल २९ वर्षांचा होता. त्याचा देह पुढे कधीच सापडला नाही. आरास इथल्या स्मारकावर ज्यांना थडगे मिळाले नाही अशा जवळपास ३५ हजार सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांत त्याचे नाव आहे.

बातमी ग्लासगोला एडवर्डकडे गेली. एका साथी अधिकाऱ्याने त्याला सांत्वनाचे पत्र पाठवले. टल बटालियनमध्ये सर्वांचा लाडका होता, असे त्यात लिहिले होते, आणि मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकासाठी त्याची शिफारस झाली होती, असेही. पदक मात्र आले नाही. सैन्याच्या कागदपत्रांत शिफारस आढळत नाही. युद्ध खात्याचे असंख्य कागद १९४० च्या बाँबहल्ल्यात जळून गेले. पदक दिले तर नियमाविरुद्ध दिलेल्या अधिकारपदाची जाहीर कबुली द्यावी लागेल, म्हणून शिफारस दाबली गेली, असा तर्क काही अभ्यासक मांडतात.

युद्धानंतर टल विस्मरणात गेला. फोकस्टनच्या युद्धस्मारकावर नाव होते, कुटुंबाने कागद आणि छायाचित्रे जपली होती, तेवढेच. १९९० च्या दशकात कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंचा इतिहास धुंडाळणाऱ्या फिल वासिली या लेखकाने ही कागदपत्रे, जुने सामन्यांचे वृत्तांत आणि लष्करी नोंदी जुळवून टलचे आयुष्य पुन्हा उभे केले. २०१० मध्ये त्याने टलचे चरित्रही प्रसिद्ध केले. बीबीसीने २००८ मध्ये त्याच्यावर नाट्यपट केला. मायकेल मॉर्पर्गो या लोकप्रिय बालसाहित्यिकाने टलच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन मुलांसाठी कादंबरी लिहिली.

कीर्ती परत आली तशी थोडी अतिशयोक्तीही आली. ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी असे टलचे वर्णन सर्रास होऊ लागले. नंतरच्या संशोधनात दिसून आले की जमैकाशी नाते असलेले जॉर्ज बेमंड आणि डेव्हिड क्लेमेट्सन यांना १९१५ मध्येच अधिकारपद मिळाले होते. दोघेही युद्धात मारले गेले. फरक एवढाच की ते दोघे सुखवस्तू घरांतले, विद्यापीठापर्यंत शिकलेले होते. टल अनाथाश्रमातून आला आणि शिपायांच्या रांगेतून वर चढला. पहिलेपणाचा बिल्ला काढून ठेवला तरी त्याचे काही कमी होत नाही. उलट त्या बिल्ल्यामुळे बेमंड आणि क्लेमेट्सन झाकले जातात, आणि तिघांपुढेही उभी असलेली तीच भिंत नीट दिसत नाही.

नॉर्दम्प्टन टाउनच्या सिक्सफील्ड्स मैदानाबाहेर १९९९ मध्ये टलचे स्मारक उभे राहिले. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचे नाव आहे. महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त ब्रिटनच्या टांकसाळीने २०१४ मध्ये त्याच्या प्रतिमेचे पाच पौंडांचे नाणे काढले, २०१८ मध्ये टपाल तिकीट निघाले, आणि २०२१ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या सन्मान दालनात त्याचा समावेश झाला. त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१८ मध्ये, शंभराहून अधिक ब्रिटिश खासदारांनी पंतप्रधान थेरेसा मे यांना पत्र लिहून त्याला मरणोत्तर मिलिटरी क्रॉस देण्याची मागणी केली. जुन्या युद्धांतील पदके मागाहून द्यायची नाहीत हे सरकारचे धोरण आहे. मिलिटरी क्रॉस टलला मिळालेला नाही.